रस्त्यासाठी आणि घरासाठी एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: दोन-अडीच वर्षं तुम्ही फोनवर फोटो काढताय, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर भटकून माणसांचे फोटो काढायची गोडी लागली आहे, घरी तीन वर्षांची मुलगी आहे आणि तिचेही फोटो चांगले यायला हवेत. आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा घ्यायचाय, एकदाच घ्यायचाय. यादीत चार नावं आहेत: सोनी ए७सी-२, सोनी ए६७००, फुजीफिल्म एक्स१००व्हीआय आणि रिकोह जीआर-३ (शेवटच्या दोघांची लेन्स बदलता येत नाही). शेवटी तुम्ही विचारलंय, ‘फुल फ्रेम घेऊ की एपीएस-सी?’ म्हणजे उजेड टिपणारा सेन्सर ए७सी-२चा मोठा घ्यायचा की बाकी तिघांचा लहान.

या चारांतला एकही कॅमेरा वाईट नाही, म्हणूनच तुमचा निर्णय होत नाहीये. तुलनेचे आणखी दहा व्हिडिओ बघितले तरी होणार नाही, कारण हे चार कॅमेरे चार वेगळ्या गरजांसाठी बनलेत. तुमची अडचण सेन्सरच्या आधीच सुरू होते. तुम्हाला दोन कामं एकाच यंत्राकडून करून घ्यायची आहेत आणि ती एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात. रस्त्यावर कॅमेरा लहान, हलका आणि आधीपासून तयार हवा. तिथलं दृश्य दोन सेकंदांत जुळतं आणि मोडतं. घरात दिव्याच्या उजेडात मूल धावत असतं. तिथे ऑटोफोकस चपळ हवा आणि लेन्स जास्त उजेड आत घेणारी हवी. अशी लेन्स आली की आकार वाढतो, आणि आकार वाढला की कॅमेरा रस्त्यावर न्यायचा कंटाळा येतो.

मी अठरा वर्षं रस्त्यावर फोटो काढतोय आणि त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं नव्याने शिकणाऱ्यांना सोबत घेऊन फिरतोय, त्या अनुभवावरून लिहितो. तरी काही गोष्टी तुम्ही सांगितलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. संध्याकाळी म्हणजे ऊन उतरल्यावर की दिवे लागल्यावर? चष्मा आहे का? अनोळखी माणसाच्या दोन मीटर जवळ जायला तुम्हाला जमतं, की रस्त्याच्या पलीकडून फोटो काढणं बरं वाटतं? घरी आल्यावर संगणकावर बसून फोटो सुधारायला वेळ आणि आवड आहे का? जिथे जिथे फरक पडतो तिथे तसं सांगत जाईन.

आधी क्रमाबद्दल. बहुतेक जण बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) ठरवतात, मग तिच्यासोबत मिळते ती लेन्स घेतात. मी उलटा क्रम सांगतो: आधी फोकल लेंग्थ, मग लेन्स, आणि ती लेन्स सगळ्यात कमी कटकटीने वापरू देणारी बॉडी शेवटी. रस्त्यावरच्या फोटोचा स्वभाव फोकल लेंग्थ ठरवते. तुम्ही किती जवळ जाता, मागचं किती दाखवता, माणूस मोठा की परिसर मोठा, हे सगळं त्या एका आकड्यात असतं.

तो आकडा शोधायला नवीन काही घ्यावं लागत नाही, तुमच्याकडे दोन-अडीच वर्षांचे फोटो आहेत. आज रात्री अर्धा तास काढा आणि फोनमधले, तुम्हाला स्वतःला मनापासून आवडलेले, शंभरेक फोटो वेगळे करा. मुलीचे एका बाजूला, रस्त्यावरचे दुसऱ्या बाजूला. बहुतेक फोनांचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशोबात २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो. यापुढे मी ‘हिशोबात’ म्हणेन तेव्हा हाच हिशोब समजा; सेन्सर लहान असला की तीच लेन्स कमी रुंद चौकट दाखवते, म्हणून तो लागतो. आता बघा: किती फोटो जसेच्या तसे ठेवलेत, किती चारही बाजूंनी कापलेत आणि किती दुप्पट झूमवर काढलेत. तसेच ठेवलेले जास्त असतील तर तुम्ही २८ मिमीचे माणूस आहात. थोडे थोडे कापलेले असतील तर ३५, आणि दुप्पट झूमवर हात वारंवार जात असेल तर ४० ते ५०. माझ्याबरोबर फिरणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. ‘मला वाइड आवडतं’ असं सांगणाऱ्या अनेकांचे आवडते फोटो ५० च्या आसपासचे निघतात.

एक हिशोब लक्षात ठेवला तर हे आकडे कोरडे राहत नाहीत. ३५ मिमीच्या लेन्समध्ये तुम्ही समोरच्यापासून जितके लांब उभे, जवळजवळ तितकीच रुंद आडवी चौकट मिळते. तीन मीटरवर उभे राहिलात तर तीन मीटरच्या जरा वर रुंदी. तिथूनच २८ मिमीमध्ये साधारण ३.९ मीटर मावतात आणि ५० मिमीमध्ये फक्त २.२. म्हणजे २८ मिमी घेऊन लांब उभं राहिलं तर चौकटीत बहुतेक रस्ताच दिसतो आणि माणूस हरवतो. जवळ जायची तयारी नसेल तर ती लेन्स तुमची नव्हे. ५० घेऊन गर्दीत शिरलात तर चेहरे मिळतील, प्रसंग चौकटीबाहेर राहील.

मोठ्या छायाचित्रकारांनीही आपापला आकडा धरला होता. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक काळ लायका कॅमेरा आणि ५० मिमी घेऊन फिरले. गॅरी विनोग्रँड २८ मिमी लावून माणसांच्या अगदी मध्ये शिरायचे. दायदो मोरियामा रिकोहच्या खिशातल्या जीआर कॅमेऱ्यांवर काम करत आलेत. सॉल लायटर पुष्कळदा लांब लेन्स वापरायचे, काचांमधून, आडोशातून बघायचे. त्यामुळे ‘स्ट्रीटसाठी ३५च’ असं कोणी ठासून सांगितलं तर मनावर घेऊ नका. तुमचे फोटो काय सांगतात ते बघा.

आता सेन्सर. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी, सोनी-फुजी-निकॉनचा एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम एपीएस-सीच्या जवळजवळ २.४ पट. उजेडाच्या भाषेत सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). हा फायदा खरा आहे. पण रस्त्यावर त्याचं काय होतं ते बघितल्याशिवाय त्याच्यासाठी पैसे मोजू नका.

रस्त्यावर मी दिवसा ऑटोफोकस बहुतेक वापरत नाही. फोकस एका अंतरावर पक्का करून ठेवतो, अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवतो (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान आणि स्पष्ट दिसणारा पट्टा रुंद) आणि ठरलेल्या पट्ट्यात जे येईल ते स्पष्ट येतं. झोन फोकस म्हणतात तो हाच. यात कॅमेऱ्याला विचार करायला काही उरत नाही. बटण दाबलं की फोटो. जीआर-३ची लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिमी आहे, हिशोबात २८. एफ/८ वर फोकस साधारण २.१ मीटरवर लावला तर एक मीटरच्या जरा पुढून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट. फुल फ्रेमवर तीच चौकट देणारी २८ मिमी लेन्स एफ/८ वर ठेवली तर तो पट्टा १.६५ मीटरच्या पुढे सुरू होतो. एक-दीड मीटरवरून जाणारा माणूस धूसर येतो, आणि २८ मिमीमध्ये फोटो घडतो तो नेमका त्याच अंतरावर. फुल फ्रेमवर तो पट्टा परत मिळवायचा तर अ‍ॅपर्चर एफ/११ किंवा त्याहून थोडं लहान करावं लागतं, म्हणजे एक स्टॉप उजेड गेला आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तितका वर चढला. मोठ्या सेन्सरने दिलेलं झोन फोकसने परत घेतलं.

म्हणून दिवसाच्या रस्त्यासाठी फुल फ्रेमचा फायदा जवळपास शून्यावर येतो. रात्रीची गोष्ट वेगळी. दिवे लागल्यावर तुम्ही अ‍ॅपर्चर पूर्ण उघडता, ऑटोफोकसवर जाता, आणि तिथे तो सव्वा स्टॉप प्रत्येक फोटोत दिसतो. तुमच्या ‘संध्याकाळी’चा अर्थ मी विचारला तो यासाठी. तुमचे निम्म्याहून जास्त आवडते फोटो अंधारातले असतील तर फुल फ्रेमचा विचार जरूर करा. नसतील तर ते वजन विनाकारण वाहाल.

जाता जाता एक. ज्या ३६ × २४ चौकटीला आज आपण ‘फुल’ म्हणतो, तिला एकेकाळी लहान म्हणायचे. ऑस्कर बार्नाकने सिनेमाची फिल्म वापरून बनवलेला लायका १९२५ मध्ये बाजारात आला तेव्हा गंभीर काम करणारे छायाचित्रकार काचेच्या मोठ्या प्लेटांवर काम करत होते आणि हा इवला कॅमेरा कित्येकांना पटत नव्हता. पुढे रस्त्यावरच्या छायाचित्रणाला ज्याने खरी गती दिली तो हाच लहान कॅमेरा. गुणवत्तेत थोडं मागे आणि चपळाईत खूप पुढे, हा सौदा या कलेने तेव्हाच केलेला आहे.

वजनाबद्दल माझ्याच घरातला पुरावा देतो. सुरुवातीची वर्षं माझ्याकडे आरशाचा फुल फ्रेम कॅमेरा आणि त्यावर एफ/२.८ ची जाड झूम लेन्स होती. फोटो उत्तम यायचे. काही वर्षांनी हार्ड डिस्क आवरताना फोल्डरांच्या तारखांवरून नजर फिरवली. जवळजवळ सगळे रविवार. मधे एखादी सहल, एखादं लग्न, की पुन्हा रविवार. त्यानंतरच्या वर्षांत माझ्याकडे लहान एपीएस-सी बॉडी आणि चपटी प्राइम (झूम न होणारी) लेन्स होती आणि तिथे मंगळवार होते, बुधवारची सकाळ होती, पावसात अडकलेली एक गुरुवारची संध्याकाळ होती. माझा आजवरचा सगळ्यात जवळचा फोटो तिथलाच आहे: रेल्वे स्टेशनच्या पुलाचा जिना, वरून तिरपा उजेड, छत्री मिटता मिटता थबकलेला एक म्हातारा आणि त्याच्या छत्रीच्या टोकावरून सुटलेला थेंब. कामावरून परत येत होतो, कॅमेरा मनगटाला होता. मोठा कॅमेरा त्या दिवशी मी बरोबर घेतलाच नसता.

तेव्हा बॉडी बघताना वजनाचा काटा लेन्ससकट लावा. ए७सी-२ स्वतः ५१४ ग्रॅम. त्यावर सोनीची ४० मिमी एफ/२.५ लावली तर सातशेच्या आत राहतो, आणि २४-७० एफ/२.८ जीएमची दुसरी आवृत्ती लावली तर १.२ किलो. एकच बॉडी, पण हे दोन निराळे कॅमेरे आहेत. एक्स१००व्हीआय लेन्ससकट ५२१ ग्रॅम. जीआर-३ बॅटरीसकट २५७.

दुकानात कॅमेरा हातात घ्याल तेव्हा मेनू उघडत बसू नका. तो बंद करून पिशवीत ठेवा, मग बाहेर काढा, चालू करा आणि समोरच्या माणसाचा फोटो घ्या. हे दहा वेळा करा. चालू व्हायला लागणारा वेळ, बटण अंगठ्याखाली येतं की शोधावं लागतं, कॅमेऱ्याचा पट्टा कुठे अडकतो, हे सगळं तेव्हाच कळतं आणि पुढची पाच वर्षं रोज जाणवणार असतं. मग व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. डाव्या कोपऱ्यात फाइंडर असलेल्या कॅमेऱ्यात उजव्या डोळ्याने बघताना डावा डोळा मोकळा राहतो आणि चौकटीत शिरू पाहणारा माणूस आधीच दिसतो. शिवाय तुमचा निम्मा चेहरा समोरच्याला दिसत राहतो, त्याने माणसं कमी बिचकतात. चष्मा असेल तर चौकटीचे चारही कोपरे एकदम दिसतात का तेवढं तपासा. जीआरला फाइंडरच नाही, आणि भर उन्हात पडद्यावर बघून चौकट जुळवणं अवघड जातं. काहींना त्याचं काही वाटत नाही, मला वाटतं.

पडद्याच्या बिजागरीकडे कोणी लक्ष देत नाही, पण रस्त्यावर तिचं मोल मोठं आहे. जागेवरच वर-खाली कलणारा पडदा असेल तर कॅमेरा पोटाशी धरून खाली बघत फोटो घेता येतो. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायर यांचा रोलायफ्लेक्स असाच कमरेजवळ धरायचा कॅमेरा होता आणि त्यांच्या फोटोंमधली माणसं जी उंच, ठाम दिसतात त्यात त्या उंचीचा वाटा आहे. बाजूला उघडून फिरणारा पडदा व्हिडिओला सोयीचा. फोटोसाठी तो उघडायला वेळ लागतो आणि उघडला की लोकांचं लक्ष जातं. ए७सी-२ आणि ए६७०० चा पडदा बाजूला उघडणारा आहे, एक्स१००व्हीआयचा कलणारा, जीआर-३ चा जागेवरून हलतच नाही.

आता घराकडे येतो, कारण तुमच्या मुलीला या सगळ्या हिशोबात दुय्यम ठरवणं बरोबर नाही. वीस वर्षांनी तुम्ही जे फोटो पुन्हा पुन्हा उघडाल त्यात रस्त्यावरच्या अनोळखी माणसांपेक्षा तिचेच जास्त असतील.

लहान मुलांच्या बाबतीत झोन फोकस फार उपयोगी पडत नाही. अ‍ॅपर्चर उघडं, अंतर कमी, आणि ती एका जागी थांबत नाही. तिथे डोळा ओळखून त्याच्यामागे धावणारा ऑटोफोकस लागतो आणि तुमच्या यादीत दोन्ही सोनी यात स्पष्टपणे पुढे आहेत. एक्स१००व्हीआय चेहरा आणि डोळे ओळखतो, पण त्याची लेन्स अंगाकडे धावत येणाऱ्या मुलाबरोबर तितक्या झपाट्याने सरकत नाही. जीआर-३ कमी उजेडात फोकससाठी चाचपडतो. बसलेलं, रंगवत असलेलं, झोपलेलं मूल सगळेच कॅमेरे छान टिपतात.

इथेच स्टॅबिलायझेशनबद्दलचा एक गैरसमज दूर करतो. ‘सहा स्टॉपचं स्टॅबिलायझेशन’ वाचून अंधारातले फोटो आपोआप स्पष्ट येतील असं वाटतं. ते तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं, समोरच्याची हालचाल नाही. साध्या चालीने चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. १/३० सेकंदात तो जवळजवळ पाच सेंटिमीटर सरकलेला असतो, १/२५० मध्ये साडेपाच मिलिमीटर. म्हणून चालत्या माणसाला १/२५० तरी हवा, जवळून जात असेल तर १/५००, आणि धावत्या मुलालाही तितकाच. त्या वेगाला स्टॅबिलायझेशनचं काम जवळपास संपलेलं असतं. तिथे उपयोगी पडते ती एफ/१.४ किंवा एफ/२ ची लेन्स.

दुसरी गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर रस्त्यावर वरदान वाटतो. एका ओळखीच्यांच्या घरगुती समारंभात कोणाला त्रास नको म्हणून मी पूर्ण संध्याकाळ त्यावर काढली. पडद्यावर लहान दिसत असताना काही जाणवलं नाही; घरी येऊन मोठं करून बघितलं तर दोन-अडीचशे फोटोंमध्ये चेहऱ्यांवरून काळसर आडवे पट्टे. मी १/५०० वर होतो आणि वरचे दिवे लुकलुकत होते. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत जातो, म्हणून काही ओळी उजळ आणि काही काळ्या येतात. त्यावर उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर, नाहीतर वेग १/१०० किंवा १/५० वर आणणं (६० हर्ट्झ असेल तर १/१२० किंवा १/६०). मेकॅनिकल शटरवरही वेगवान फोटोत कधी कधी रंगाचा फरक पडतो, पण असे पट्टे क्वचित. त्या दिवशीचे ते फोटो पुन्हा मिळाले नाहीत. म्हणून मेकॅनिकल शटर अजिबात नसलेली बॉडी, उदाहरणार्थ पॅनासॉनिकची २०२४ ची एस९, दिसायला कितीही सुबक असली तरी घरातल्या दिव्यांखाली फोटो काढणाऱ्याला मी सुचवत नाही.

मेगापिक्सेलवर फार वेळ घालवू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके, यातून वीस इंच रुंद उत्तम छपाई होते. ४० चा उपयोग एकाच ठिकाणी जाणवतो: लेन्स बदलता येत नसेल तेव्हा कापायला वाव मिळतो. एक्स१००व्हीआयची ३५ ची चौकट कापून ५० ची केली तरी वीसेक मेगापिक्सेल उरतात. जीआर-३ वर २८ वरून ३५ ला आलात तर पंधरा.

इथवरचं एका दमात: दिवसाच्या रस्त्याला लहान सेन्सर पुरतो, किंबहुना सोयीचा पडतो, रात्रीला आणि घराला उजेड घेणारी लेन्स लागते, मुलीला चांगला ऑटोफोकस लागतो, आणि यातलं काहीही कॅमेरा घरी राहिला तर मिळत नाही.

तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून तुमच्या जागी मी लेन्स बदलता येणारी एपीएस-सी बॉडी घेतली असती, तुमच्या यादीतली ए६७००. कारण हे: दोन उलट्या ओढींना एका लेन्सने उत्तर देता येत नाही, दोन लहान लेन्सनी देता येतं. रस्त्यासाठी सोनीची २० मिमी एफ/२.८. जुनी आहे, पण ६९ ग्रॅमची, हिशोबात ३०, आणि ती लावून कॅमेरा ५६२ ग्रॅम. घरासाठी सिग्माची ३० मिमी एफ/१.४, हिशोबात ४५, जी मुलीच्या चेहऱ्यालाही छान आणि रात्रीच्या रस्त्यालाही. फाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. आणखी दोन-तीन वर्षांनी मुलगी शाळेच्या मंचावर उभी असेल आणि तुम्ही मागच्या रांगेत. तेव्हा एक लांब लेन्स विकत किंवा भाड्याने घेतली की भागेल. लेन्स न बदलणारा कॅमेरा असेल तर त्या दिवशी दुसरा कॅमेरा लागेल, आणि तुम्हाला तर एकदाच घ्यायचाय.

संगणकावर बसायची आवड नसेल तर उत्तर थोडं सरकतं. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांतून थेट येणारे जेपेग रंग मला आजही सगळ्यात समाधानकारक वाटतात, आणि रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल उघडून बसावं लागलं नाही तर रोजचे फोटो घरच्यांपर्यंत त्याच दिवशी पोहोचतात. तसं असेल तर एक्स-टी५० किंवा २०२५ ची एक्स-ई५ बघा, सोबत २७ मिमी एफ/२.८, जी फक्त ८४ ग्रॅमची आहे आणि हिशोबात ४०. ऑटोफोकसमध्ये सोनीपेक्षा थोडं कमी मिळेल, हे माहीत असू द्या.

एक्स१००व्हीआय कोणासाठी? फोनच्या चाचणीत ज्याचे सत्तर-ऐंशी फोटो ३५ जवळ येतात त्याच्यासाठी. त्याचं लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं) जवळजवळ मूक आहे, लेन्स बदलायचा प्रश्नच नसल्याने डोकं शांत राहतं. तुमची चाचणी इतकी एकतर्फी निघाली तर माझं वरचं मत मी बदलेन. धूळ-पावसापासून संरक्षणाला मात्र त्यावर वेगळी रिंग आणि फिल्टर लावावा लागतो. जीआर-३ हा माझ्या मते उत्तम दुसरा कॅमेरा आहे. खिशात मावणं म्हणजे काय ते त्याच्याइतकं दुसरं कोणी जाणत नाही, झोन फोकससाठी त्यात ‘स्नॅप’ नावाची सोय आहे. पण बॅटरी अधिकृत मोजणीनुसारच दोनशे फोटोंची, धुळीपासून बचाव नाही, आणि एकमेव कॅमेरा म्हणून मुलीच्या बाबतीत तो कमी पडेल. आणि ए७सी-२ घ्यायचाच झाला तर मनाशी ठरवून घ्या की त्यावर लहान प्राइमच लागतील. झूमचा मोह झाला की माझ्या रविवारांची गोष्ट तुमच्याकडे सुरू होईल.

पैशांचं एवढंच: पूर्ण रकमेतली निम्म्याच्या आसपास लेन्ससाठी राखून ठेवा. बॉडी एक पिढी जुनी किंवा वापरलेली चालते. वापरलेली घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघा, एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो घेऊन सेन्सरवरचे डाग बघा, आणि शटर किती वेळा पडलाय तो आकडा विचारा. एक जादा बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या.

कॅमेरा आल्यावर सेटिंग असं लावा: दिवसा एफ/८, ऑटो आयएसओ ६४०० पर्यंत, किमान शटर १/२५०, फोकस हाताने दोन मीटरवर. २० मिमी लेन्स असेल तर फोकस अडीच मीटरवर न्या, म्हणजे सव्वा मीटरच्या थोडं पुढून लांबपर्यंतचं सगळं पट्ट्यात येईल. हे एका बटणावर साठवा. दुसऱ्या बटणावर घरचं: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, डोळा ओळखणारा ऑटोफोकस, मेकॅनिकल शटर, तोच १/२५० (मुलगी धावत असेल तर १/५००). दोन बटणं, दोन कामं.

आणि दोन मीटर म्हणजे किती, हे डोळ्यांना शिकवावं लागतं. घरातलं दार साधारण दोन मीटर उंच असतं. रस्त्यावर समोरच्या माणसापर्यंत मनातल्या मनात एक दार आडवं टाकून बघायचं. ते त्याच्या पायाशी पोहोचलं की बटण दाबायचं. मी अजूनही तसंच करतो. कॅमेरा येईपर्यंत फोन घेऊन हा सराव सुरू करता येईल, आणि शंभर फोटोंची ती मोजणी झाली की आकडे मला कळवा, लेन्सचं आपण नक्की करू.